घरातला छज्जा

आमच्या घरात छज्जा होता. घराबाहेर नव्हे, घरात, भावाच्या पलंगाच्या वर. आलेला पाहुणा मान वर करून विचारायचा, "हे काय हो मध्येच?" आई सांगायची, "सामान ठेवायला केलंय." साफ खोटं. ऊन-पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकीच्या डोक्यावर भिंतीतून बाहेर काढलेला सिमेंटचा पट्टा म्हणजे छज्जा. तो घराच्या आत सापडला, तर खुशाल समजावं की या घराने स्वतःची खिडकी स्वतःच गिळली आहे. आमच्या छज्ज्यावर सुटकेसा होत्या आणि एक बंद पडलेला टेबलफॅन होता.

हे मी अधिकाराने बोलते, कारण माझं पोट खिडक्यांवर भरलं. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी कोथरूडच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले, ती नकाशात खिडक्या काढायलाच. नव्या माणसाला इमारतीचा दर्शनी भाग देत नाहीत, दारं-खिडक्या देतात. मी नवी होते तेव्हाही खिडक्या काढल्या आणि केस पिकायला लागले तेव्हाही खिडक्याच काढत होते. माझ्या आडनावाचा त्याच्याशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पुण्यात असं कोणीच म्हणत नाही. पहिल्या भेटीत आडनाव तेवढं विचारतात आणि मग "बरं बरं" म्हणतात.

बाबा मार्केट यार्डात तोलणार होते. भुसार बाजारात पोतं काट्यावर चढलं की वजन करून ते मोठ्याने पुकारायचं, हे त्यांचं काम. त्यातही वाट्याला आली होती मिरची आणि हळद. संध्याकाळी घरी आले की दारातच शर्ट काढून बादलीत टाकायचे, कारण तो शर्ट नुसता झटकला तरी आम्ही सगळे शिंकून बेजार व्हायचो. खोकला त्यांना कायमचाच. त्याबद्दल काही बोललं की म्हणायचे, "मिरचीचा धंदा हाये बाप्पा, गुलाबाचा नाही." आयुष्य पुण्यात गेलं तरी त्यांची बोली नागपूरकडचीच राहिली.

त्यांचा जन्म तिकडच्याच एका खेड्यातला. मातीच्या घराला दार एक आणि खिडकी नाही. गावाच्या त्या टोकाला आमच्या लोकांची जेवढी घरं होती, त्यातल्या एकालाही खिडकी नव्हती. चुलीचा धूर दारातूनच बाहेर जायचा आणि दार लावलं की जायचाच नाही. म्हणून बिबवेवाडीचा फ्लॅट बघायला आम्ही गेलो, तेव्हा बाबांनी नळाला पाणी किती वेळ येतं हेसुद्धा विचारलं नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि खोलीपुढे उघडी बाल्कनी. शेवटचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर नुसतं आभाळ. खोलीला बाल्कनीकडे उघडणारी मोठी खिडकी होती, सागवानी चौकटीची, उभ्या गजांची, काचेची तावदानं बसवलेल्या दोन झडपांची. बाबा सरळ तिच्यापाशी गेले, झडपा उघडल्या, लावल्या, पुन्हा उघडल्या. राहायला गेलो त्या दिवशीही त्यांचा तोच उद्योग चालला होता. शेवटी आई ओरडली, "अवो, बिजागऱ्या झिजतीन!"

त्या खिडकीखाली त्यांची खाट पडली. कामावरून आले, अंघोळ झाली, की चहाचा कप घेऊन तिथे बसायचे आणि डोकं मागे टेकवून श्वास सोडायचे. "तिकडचं इथं सोडून देतो," म्हणायचे. आणि मग माझी उलटतपासणी सुरू व्हायची.

"आज काय काढलं, बाई?"

मी सांगायची. खिडकीच्या खालच्या आडव्या पट्टीला सिल म्हणतात. वरच्या तुळईला लिंटेल. दोन झडपांच्या मधल्या उभ्या दांडीला म्युलियन. बाबा "म्युलियन" असं मोठ्याने म्हणायचे, पोत्याचं वजन पुकारावं तसं, आणि खूश व्हायचे. ज्या घरात खिडकीच नव्हती, त्या घरातल्या माणसाकडे तिच्या भागांचे शब्द कुठून असणार? ते सगळे शब्द त्यांनी पन्नाशीत माझ्याकडून घेतले. सिलला बाहेरच्या बाजूने ढाळ देतात, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता बाहेर ओघळतं, हे ऐकल्यावर त्यांनी आमच्या सिलवर तांब्यातलं पाणी ओतून बघितलं. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, बोटभर खोबण ठेवतात. छज्ज्याच्या पोटावरून भिंतीकडे सरकणारं पाणी त्या खोबणीशी येऊन अडतं आणि तिथेच थेंब होऊन पडतं. हे सांगितलं त्या दिवशी बाबा स्टूल घेऊन बाल्कनीत गेले, छज्ज्याखाली हात घालून चाचपडले आणि तिथूनच ओरडले, "हाये! आपल्याले बी हाये!" माझा बाप असा होता.

मग कॉम्प्युटर आला.

ते दोन हजार साल यायच्या आधीचे दिवस. जगभर कॉम्प्युटरची पोरं हवी होती आणि ती सगळी पुण्यातूनच जाणार अशी आमच्याकडे प्रत्येकाची खात्री होती. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. माझा धाकटा भाऊ हुशार, खरोखरच हुशार, त्यात शंका नाही. त्याने कोर्सला नाव घातलं, कुठून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणायचं ठरलं, आणि प्रश्न आला की तो ठेवायचा कुठे आणि पोराने अभ्यास करायचा कुठे. उत्तर तयारच होतं. त्या वर्षांत पुण्यात बाल्कनी उघडी ठेवणं हा गाढवपणा समजला जायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांवरच्या सगळ्या बाल्कन्या भरल्या गेल्या होत्या. कठड्यावर विटांचे थर, त्यावर अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी, की झाली एक खोली. कोणी मुलीची, कोणी देवाची, कोणी सुनेची म्हणायचं.

ही गोष्ट बाबांनीच काढली. मी भडकले.

"बाबा, बाल्कनी बंद केली की तुमची खिडकी गेली."

"काहून जाईन? खिडकी राहीन ना तिथंच. भिंत कुठं पाडतो आपण?"

"खिडकीच्या पलीकडे बाहेर असावं लागतं. नाहीतर ते भिंतीतलं भोक असतं, खिडकी नव्हे. मी रोज हेच काम करते, मला विचारा ना!"

बाबा हसले. "बाहेर पोरगा बसंल की. त्याले पाहीन."

आई म्हणाली, "हिचं आपलं काहीतरी. ऑफिसातलं ऑफिसात ठेवत जा." भावाने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याला खोली हवी होती आणि त्याच्या वयाच्या मुलाला ती हवी असण्यात काही गैर नव्हतं, हेही मला कळत होतं. म्हणून तर जास्त चीड आली.

भिंत उठली, वर सिमेंटचा पत्रा पडला, त्याखाली पांढरं सिलिंग आलं. माझ्या डोळ्यांदेखत आमची खिडकी घराच्या मधोमध आली. गज तसेच, झडपा तशाच, छज्जा तसाच, त्याच्या पोटातली ती खोबण तशीच, येणार नसलेल्या पावसाची वाट बघत. भावाने सिलवर पेनं ठेवली तर ती गडगडत त्याच्या पलंगावर पडायची, कारण ढाळ बाहेरच्या बाजूला होता आणि बाहेर आता तो राहत होता. तो वैतागायचा. "ताई, हे कोणी असं तिरकं केलंय?" मी म्हणायची, "ज्याला अक्कल होती त्याने."

कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. झालं. त्या खोलीत चपला बंद. कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर आईने शिवलेलं कापडी कव्हर. स्लायडिंग उघडायचं नाही, रस्त्याची धूळ येते. आणि बाबा कामावरून आले की मधल्या खिडकीच्या झडपा लावून घ्यायच्या, म्हणजे त्यांच्या अंगावरची मिरची पलीकडे उडणार नाही. बाबा स्वतःच लावायचे. माणसाच्या छातीत आयुष्यभर पोत्यांनी धूळ गेली ती चालली, पण यंत्राला चिमूटभर चालेना. हे मी जेवताना बोलून दाखवलं तेव्हा बाबाच माझ्यावर रागावले. "पोराच्या पायात नको येऊ, बाई."

पोरगा निघाला पुढे. नोकरी लागली, हिंजवडीला जायला कंपनीची बस यायची, गळ्यात ओळखपत्र लटकायचं. आमच्या ऑफिसातही त्याच इमारतींची कामं यायला लागली होती. वरपासून खालपर्यंत काच आणि एक झडप उघडेल तर शपथ. त्या खिडकीला फिक्स्ड म्हणतात. काढायला एकदम सोपी, ना बिजागरी, ना कडी. सर म्हणायचे, "यात मजा आहे, माणसाने हात लावायचं कामच नाही." भावाने घरी एसी आणला. स्लायडिंगच्या दोन काचांपैकी एक काढून तिथे प्लायवुड ठोकलं आणि त्यात एसी बसवला. आता सरकत्या खिडकीचं असं असतं की ती मुळातच अर्धी उघडते, एक काच दुसरीच्या मागे सरकते. अर्ध्या भागात एसी बसला की उरलेल्या काचेला सरकायला जागाच नाही. म्हणजे उघडायचं काही उरलंच नाही. मी हे बोलायच्या भानगडीत पडले नाही, कारण ऐकणारं कोणी नव्हतं.

मग तो अमेरिकेला गेला. त्याचं तिकडेच लग्न ठरलं, मुलगी कोथरूडची, तिकडेच नोकरीला. लग्नापुरते इकडे आले आणि परत गेले. खोली मात्र तशीच राहिली. आई रोज पुसून काढायची. पलंगावरची चादर बदलायची. झडपा लावलेल्या.

बाबा रिटायर झाले आणि खोकल्याचा दमा झाला. आधी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचे, मग पहिल्यावर, मग खाली जाणंच बंद झालं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की फुप्फुसं धुळीने आतून कडक झाली आहेत, पूर्ववत होणार नाहीत, जेवढी आहेत तेवढी जपायची. "औषधं देतो. पण मोकळी हवा पाहिजे. घरात खिडकी आहे ना?"

आई म्हणाली, "आहे की."

मला दवाखान्यातच रडू फुटलं. आईला वाटलं, बाबांच्या आजाराने फुटलं.

त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला. बाल्कनी मोकळी करायची. बाबांना त्यांची हवा परत द्यायची. मला दुसरं काहीही नको होतं, माझं लग्न झालं नव्हतं, होण्यातलं नव्हतं, प्रमोशन हा शब्द आमच्या ऑफिसात नव्हता. हे एक काम मला येत होतं आणि तेच कोणी करू देत नव्हतं.

आई म्हणाली, "खोली पाडली तर तो आला की उतरंल कुठं? घरात पोराची जागा असली तर पोरगं घरी येते. जागाच नसली तर काहून येईन?" तिचा त्या खोलीवर असा विश्वास होता. मी म्हटलं, मग निदान बाबांची खाट त्या खोलीत लावू आणि एसी काढून टाकू. एकदा तेवढ्यासाठी बाबांना धरून तिकडे नेलंसुद्धा. ते पलंगाच्या कडेला बसले, छज्ज्याकडे बघितलं, कॉम्प्युटरवरच्या कव्हराकडे बघितलं आणि उठले. "त्याचं सामान हाये इथं. मले नाही झोप येत पोराच्या जागेत. येऊ दे त्याले, मंग पाहू." एसीला हात लावू दिला नाही. खोकताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, ओठ काळेनिळे पडायचे, आणि मंग पाहू!

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला हवं ते करा, माझी काहीच हरकत नाही. फक्त डिसेंबरला मी येतोय, तेव्हा नीट बघून डिसाइड करू, घाईत तोडफोड नको." डिसेंबरात त्याचं प्रोजेक्ट लांबलं. मग उन्हाळ्यात येतो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. दर वेळी त्याला खरंच यायचं असायचं, आणि दर वेळी आई चादर बदलायची.

शेवटी मी आईबाबांना न विचारता सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलणं अत्यंत मऊ.

"मॅडम, आपण बाल्कनी उघडणार म्हणजे नेमकं काय करणार?"

"होती तशी करणार."

"होती तशी, म्हणजे आत्ता आहे त्यापेक्षा वेगळी."

"हो, अर्थात."

"म्हणजे हा फेरबदल झाला. त्याला कमिटीची मंजुरी लागते. समोरून बघा ना, सगळ्यांची स्लायडिंग कशी एका ओळीत दिसतात. आपलं एकट्याचं भगदाड दिसेल."

"भरताना कोणी मंजुरी घेतली होती?"

"ते सगळ्यांनीच केलं ना, त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही."

"अहो, माझे वडील गुदमरताहेत हो."

"पूर्ण सहानुभूती आहे. पुढच्या मीटिंगला आपण विषय घेऊ."

पुढची मीटिंग कोरमअभावी झाली नाही. मी जिन्यात बसून शिव्या दिल्या. सेक्रेटरींना, भावाला, कॉम्प्युटरला, आणि बाबांनाही. सगळ्यात जास्त बाबांनाच दिल्या. स्वतःच्या हाताने स्वतःची हवा बंद करून वर "पोरगा सुखी राहो" म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? देव म्हणायचं तर आमच्या धर्मात तेही नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी बाबांना श्वासच घेता येईना. शेजारच्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. जिना इतका अरुंद की प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागत होती, आणि बाबा दोन्ही हातांनी कठडा धरायला बघत होते. दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला, वॉर्डमध्ये खाट मिळाली. बाहेरच्या बाकावर आई माझ्या शेजारी येऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाड ते भिंत."

"काय?"

"पाड म्हणते ना. ते घरी येतीन तवा त्यांले हवा पाहिजे."

मी त्याच दिवशी ऑफिसच्या ओळखीचा गवंडी गाठला. सेक्रेटरींना विचारायला गेले नाही. पहिला घण बसला तसे ते धावत वर आले. "हे काय चाललंय, मॅडम?" म्हटलं, "भगदाड." ते आल्या पावली खाली उतरले. डॉक्टर म्हणत होते, जरा स्थिर झाले की घरी न्या, घरी मशीन लावून ठेवू. त्याआधी सगळं उरकून, धूळ पुसून, फरशी धुऊन मला घर तयार ठेवायचं होतं. दिवसा मी घरी गवंड्याच्या डोक्यावर उभी राहायची आणि संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बाबांना हकीकत सांगायची. त्यांच्या खाटेशेजारी मोठी काच होती, पलीकडे गुलमोहर दिसायचा. ती उघडत नव्हती. मी सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या, "एसी आहे ना, आजोबांना गरम होतंय का?"

"आज पत्रा उतरवला, बाबा."

त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. "आभाळ दिसते?"

"दिसतं."

"बरं झालं."

दुसऱ्या संध्याकाळी स्लायडिंग निघाल्याचं सांगितलं, मग वरच्या विटा उतरवल्याचं. कॉम्प्युटर कुठे ठेवला, असं त्यांनी विचारलं. स्वयंपाकघरात, म्हटलं, झाकून ठेवलाय. झडपा इतकी वर्षं बंद राहून फुगल्या होत्या, त्या सुताराकडून रंधून घेतल्या. आता एका बोटाने उघडतात, वारा थेट खाटेवर येतो, असं मी सांगितलं, तेव्हा बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मंग चाल ना घरी."

"उद्या डॉक्टरांना विचारते."

"आज इचार."

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आज नको, ऑक्सिजन अजून खाली जातोय, एक-दोन दिवस बघू. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, मास्क नीट केला आणि काचेकडे तोंड करून पडून राहिले. पहाटे दवाखान्यातून फोन आला.

त्यांना घरी आणलं, पण वर नेलं नाही. त्या जिन्याने वर न्यायचं आणि पुन्हा खाली आणायचं कसं, असं जमलेले लोक म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटर बाजूला काढून, चटईवर ठेवलं. तिथेच बुद्धवंदना झाली. मी एकदा मान वर करून बघितलं. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं भगदाड खालून स्पष्ट दिसत होतं, सेक्रेटरी म्हणाले होते तसंच. खालच्या सगळ्या काचा बंद आणि वर आमचा एकट्यांचा उघडा कठडा, त्यावर आईने वाळत टाकलेली बाबांसाठीची धुतलेली चादर. माझ्यात तेव्हा रडायचंही बळ नव्हतं. इतकं सगळं केलं ते कोणासाठी, एवढंच डोक्यात घुमत होतं, आणि अजूनही घुमतं. लोक म्हणतात, वेळ गेला की दुःख हलकं होतं. असेल बाई. माझं झालं नाही.

भाऊ आला तोवर अंत्यविधी उरकले होते. तो पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढरा सदरा घालून आला, विधीला बसला, फोटोपुढे डोकं टेकून हमसून हमसून रडला. बापावर त्याचा जीव होता, नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. भंतेजी गेले, पाहुणे जेवून पांगले. बाबांच्या रिकाम्या खाटेवर आई बसली होती, पाठीमागची खिडकी सताड उघडी. भाऊ बाल्कनीत जाऊन उभा राहिला. टेकडीकडून वारा येत होता, त्याचा सदरा फडफडत होता. त्याने डोळे पुसले, मोठा श्वास घेतला.

"काय छान हवा येते गं ताई इथे," तो म्हणाला. "बाबांना किती बरं वाटलं असतं. हे आधीच का नाही केलं?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलले असते, कोण जाणे. पण खिडकीतून आईच बोलली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पोराने विचारलं म्हणून ती समजावून सांगत होती, त्यातही जरा ओशाळून, त्याची वस्तू मोडली असावी तशी.

"तुझी खोली होती ना रे ते. तू आला असता तं झोपला असता कुठं?"

"माझी?" भावाला खरोखरच नवल वाटलं. तो गजांपाशी आला, आत हात घालून त्याने आईच्या खांद्यावर ठेवला आणि फार मायेने म्हणाला, "अगं आई, मी आता इथे थोडाच राहणार होतो! आम्ही आलो असतो तरी कोथरूडलाच उतरलो असतो, हिच्या आईबाबांकडे. आत्ताही बॅगा तिकडेच आहेत."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग खाटेवर, आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेवर तिने हात ठेवला.

"मंग ह्यांनी..." ती म्हणाली.

एवढंच. ते वाक्य तिला त्या दिवशी पुरं करता आलं नाही, आणि त्यानंतर जितकी वर्षं ती जगली, तितक्या वर्षांतही नाही.